कळविण्यात येते की

कसबा बावड्यात पाणी कधी येणार ही बातमी सगळ्यात आधी चावीवाल्याला असते. त्याच्याकडून ती कोपऱ्यावरच्या दूध डेअरीत जाते, तिथून तालमीच्या कट्ट्यावर, कट्ट्यावरून रिक्षा स्टॉपवर. सगळं गाव पिंप, घागरी, बादल्या लावून मोकळं झालं की ती नगरसेवकाच्या कानावर पडते, आणि मग नगरसेवक ती सगळ्या गावाला कळवतो. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात आणि खाली हात जोडलेला फोटो. फोटोतला माणूस हसत असतो. पाणी येणार असलं तरी हसतो, चार दिवस येणार नसलं तरी तसाच हसतो. फोटो एकच आहे, निवडणुकीत काढलेला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. हा बावडा म्हणजे गगनबावडा नव्हे. गगनबावडा पन्नासेक किलोमीटरवर, पार घाटमाथ्यावर. जुलैत टीव्हीवर ‘बावड्यात अतिवृष्टी’ अशी पट्टी फिरली की पुण्याचे पाहुणे घाबरून आम्हाला फोन करतात. आमच्याकडं त्या वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं आणि वहिनी वाळवण घालत असतात. पाहुण्यांचं तसं फार चुकत नाही म्हणा. तिकडं पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेत आणि पंचगंगेतून आमच्या दारात येतंच, फक्त वाटेत एखादा मुक्काम करून येतं.

आमचा बावडा कोल्हापूरच्या उत्तरेला, नदीकाठी. नकाशात शहर, बोलण्यात गाव. शाहू महाराजांचा जन्म इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. त्यामुळे कुठल्याही वादात बावडेकर दुसऱ्याच वाक्याला ‘महाराज आमच्या गावचे’ म्हणतो, मग वाद गटारीचा का असेना. साखर कारखाना आमच्याकडं, पाणी शुद्ध करायचं केंद्र आमच्याकडं. तेच पाणी शहरानं वापरून टाकलं की रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्पही आमच्याकडंच. शहराचा कचरा लाइन बझारला, म्हणजे पुन्हा आमच्याच शेजारी. एवढं सगळं गोळा होणाऱ्या गावाच्या नगरसेवकाला कळवायला विषय कमी कसे पडतील?

नगरसेवकाला आम्ही दादा म्हणतो. वय पंचवीस असो की पासष्ट. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत तो ‘अमक्याचा पोरगा’ असतो. गुलाल पडला की दादा. बाई असतील तर वहिनी. वहिनींच्या बाबतीत माहिती बहुधा त्यांच्या मालकांकडून मिळते, तो एक वेगळाच लेख होईल.

तर चावीवाला. तो जुन्या मोपेडवर येतो. मागं आडवी बांधलेली, माणसाच्या छातीला लागेल एवढी लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण पायानं सरकवतो, चावी आत सोडतो आणि तोंडातल्या तोंडात फेरे मोजत फिरवायला लागतो. हे चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असा गल्लीचा अलिखित नियम आहे. फेरे चुकले तर खालच्या गल्लीत कारंजं उडतं आणि वरच्या गल्लीत भांडण. चावी वर आली की दारातली मावशी विचारते, “उद्या हाय काय रं?”

“पंपाला लोड येईना झालाय, मावशी. भरून ठेवा की.”

कारण, परिणाम आणि उपाय, सगळं दोन वाक्यांत. हीच गोष्ट संध्याकाळी दादांकडून येते ती अशी: विद्युत पुरवठ्यातील तांत्रिक बिघाडामुळे उद्याचा पाणीपुरवठा अपुरा व कमी दाबाने होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी नागरिकांनी उपलब्ध पाण्याचा वापर काटकसरीने करून सहकार्य करावे. यात ‘भरून ठेवा’ एवढंच राहून जातं. पण दादांनी ते लिहिलं असतं तर चावीवाला आणि नगरसेवक यांच्यात फरक काय उरला?

काळम्मावाडी धरणापासून शहरापर्यंतच्या थेट पाईपलाईनच्या वेळी आम्ही सगळेच तज्ज्ञ झालो होतो. मागणी कित्येक वर्षांची, काम दहाएक वर्षांचं, आणि त्या काळात पाईप कुठल्या गावच्या हद्दीत आलाय, कुठल्या ओढ्यावर अडलाय, जॅकवेलचं किती काम राहिलंय हे केशकर्तनालयात खुर्चीवर बसल्या बसल्या कळायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत पाणी शहराच्या वेशीवर, पुईखडीला पोचलं. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पाठपुराव्याला एकदम यश आलं. एवढ्या लोकांनी पाठपुरावा केला होता हे आधी कळलं असतं तर पाणी लाजून चार वर्षं अगोदर आलं असतं.

या सगळ्यात मला बरेच दिवस एक गोष्ट उमगत नव्हती. दादा काही बाबतीत इतके तत्पर कसे, आणि काही बाबतीत त्यांची दातखीळ का बसते? मग एका पावसाळ्यात उलगडा झाला. जी गोष्ट दादांच्या हातात अजिबात नाही तिची माहिती ते तासातासाला देतात. जी थोडीफार हातात आहे तिची माहिती विचारली तर देतात. आणि जी पूर्ण हातात आहे, उदाहरणार्थ आमच्या गल्लीच्या रस्त्याला आलेला निधी, तिच्याबद्दल विचारलं की त्यांना दुसऱ्या फोनवर फोन येतो.

पहिल्या प्रकारात नदी. पंचगंगेवर दादांची सत्ता शून्य, म्हणून तिची माहिती शंभर टक्के.

पुराच्या दिवसांत सगळं कोल्हापूर ज्या आकड्याकडं बघत असतं तो आमच्या बावड्याचा असतो. राजाराम बंधाऱ्याची पातळी. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो आणि पलीकडं वडणग्याला जाणारी मंडळी शहरातून वळसा घालायला लागतात. मग शिये रस्त्यावर पाणी येतं का याची चर्चा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपणहून उघडतात आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं. त्यात माणसाचा हात नाही. शाहू महाराजांनी मुहूर्तमेढ रोवलेल्या धरणाची ही खासियत आहे. तरी दादांकडून निरोप येतो: ‘राधानगरीचे ३ व ६ नंबरचे दरवाजे उघडले. आम्ही प्रशासनाच्या सतत संपर्कात आहोत.’ दरवाजा प्रशासनाच्या संपर्कात नाही, हे कुणी सांगायचं? एका वर्षी एक दरवाजा आपणहून बंद झाला तर शेजारचा पोरगा मनापासून म्हणाला, “दादांनी फोन लावला असणार.”

पुराच्या काळात आमच्या चौकातला फळा हे गावचं खरं सभागृह. एरवी त्यावर कुणाचा तरी वाढदिवस, नाहीतर कुस्त्यांचं मैदान. पाऊस लागला की दादांचा कार्यकर्ता ओला खडू घेऊन उभा. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही, म्हणून तो आधी शर्टाच्या बाहीनं फळा पुसतो, मग आकडा काढतो आणि लगेच त्यावर छत्री धरतो. खाली उभ्या असलेल्या लोकांना आकडा दिसत नाही, छत्री दिसते.

“किती रं?”

“अडतीस फूट.”

“अडतीस आणि किती?” हा प्रश्न नेहमी एकाच माणसाचा. आमच्या गल्लीतले आबा. वय ऐंशीच्या पुढं, कानानं कमी, आकड्यानं पक्के. त्यांच्या परसातल्या भिंतीवर १९८९ ची रेघ आहे, २००५ ची आहे, आणि नंतरच्या दोन रेघा काढायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. आबांना फूट कुणी सांगितलेलं चालत नाही, इंच लागतो. “फुटानं नदी वाढत न्हाई, मर्दा. इंचानं वाढतीया. फूट सरकारला, इंच आपल्याला.”

कार्यकर्ता बिचारा फोन लावतो, इंच आणतो, छत्री बाजूला करून फळ्यावर लिहितो आणि तेवढ्यात पावसाची सर येऊन फूट पुसून जातो. मागं नुसते नऊ इंच उरतात. रस्त्यानं जाणारा एखादा मोटारसायकलवाला ते वाचून निर्धास्त पुढं जातो.

२०१९ च्या ऑगस्टची एक गोष्ट मात्र दादांच्या सगळ्या प्रसिद्धीपत्रकांना पुरून उरेल. चहूबाजूंनी पाणी, पुण्याचा महामार्ग शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, आणि उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं नळाला थेंब नाही. शहर पाण्यात आणि घरात पाणी नाही. त्या आठवड्यात दादांनी काहीच कळवलं नाही, कारण मोबाइलला चार्जिंग नव्हतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते टँकरच्या पाइपाचं तोंड धरून उभे होते आणि बायका रांगेतून त्यांना शिव्या देत होत्या. माझ्या मते त्यांची कारकिर्दीतली सगळ्यात चांगली कामगिरी तीच. तिचा फोटो कुणी काढला नाही, म्हणून ती त्यांच्या कार्यअहवालात नाही. अहवालात आहे तो नंतर ब्लँकेट वाटतानाचा.

दुसऱ्या प्रकारात रस्ते, गटारी, दिवे. इथं माहितीचं माध्यम फ्लेक्स. रस्त्याचं भूमिपूजन झालं की चौकात दहा बाय पंधराचा फलक लागतो. त्यावर दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या नेत्यांचे चेहरे, मग दादांचा चेहरा त्या सगळ्यांपेक्षा किंचित लहान, पण फार लहान नाही. ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’, ‘यांच्या संकल्पनेतून’, ‘यांच्या फंडातून’. संकल्पना म्हणजे गटारीवर फरशी टाकायची. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा, ज्यात मला माझ्या चुलतभावाचा फोटो सापडला आणि तो कशाचा शुभेच्छुक आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच कामाचा दुसरा एक फलकही असतो, नियमाचा. पत्र्याचा, पांढरा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, आणि काम बिघडलं तर किती वर्षं दुरुस्ती त्यानंच करायची, एवढं सगळं त्यावर लिहायचं असतं. आमच्या गल्लीत तो एरंडाच्या झुडपामागं उभा आहे. झुडूप बाजूला करून वाचला. कामाचं नाव ठळक होतं. रक्कम या शब्दापुढं दोन टिंबं होती, आणि दोन टिंबांपुढं कुणीतरी पानाची पिंक टाकली होती, नेमकी, मोजून मापून.

“दादा, आकडा दिसत नाही तिथं,” मी म्हणालो.

“बघतो की,” दादा म्हणाले. “आज नदी किती हाय म्हाईत हाय काय?”

मधली पाच वर्षं तर माहितीचा सुवर्णकाळ होता. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. एवढ्या जुन्या संस्थेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक लागेचना. प्रशासक बसले. नगरसेवक रातोरात माजी झाले. सही नाही, ठराव नाही, सभा नाही, अंगावर कसलीही जबाबदारी नाही. माझ्या सिद्धांताप्रमाणं माहितीला पूर यायला हवा होता, आणि तो आला. कारण माजी एक असला तरी भावी सहा होते. गल्लीतला एक दिवा बदलला की दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला पाच पाट्या. ‘नागरिकांच्या तक्रारीची दखल’, ‘निवेदनाला यश’, ‘आंदोलनाच्या इशाऱ्याने प्रशासन हलले’. खांबाला एवढ्या पाट्या झाल्या की दिव्याचा उजेड रस्त्यावर पडेना. दिवा ज्या वायरमननं शिडीवर चढून बदलला त्याला मी विचारलं तर तो म्हणाला, “मला तर एक बाई पिंजार गल्लीतनं येऊन ओरडली म्हणून बदलला.”

हद्दवाढीचंही तसंच. १९७२ पासून शहराची हद्द जिथल्या तिथं आहे, आणि तेव्हापासून ‘हद्दवाढ लवकरच’ ही बातमी आम्ही वाचतोय. आजोबांना ती कळली होती, वडिलांना कळली, आता मला कळवण्यात येते. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते खरंच सुरू झालं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर क्षणभर सगळे गप्पच झाले. लवकरच म्हटलेली गोष्ट झाली तर काय बोलायचं याची सवय नव्हती.

दादांची एक माहिती मात्र कधी चुकत नाही. गावात कुणी गेलं की पहिला निरोप त्यांचा. वय, गल्ली, अंत्यविधी किती वाजता, रक्षाविसर्जन कधी, सगळं अचूक. कोल्हापुरात अंत्यसंस्कार मोफत होतात. लोक होळीला शेणी दान देतात त्या इथं कामी येतात. दादा स्वतः स्मशानात आधी पोचलेले असतात, शेणी रचल्यात का बघतात, पाणी किती वाजता येतं ते तिथल्या माणसाला विचारतात. नळाच्या पाण्याची वेळ ज्याला कधी सांगता आली नाही तो माणूस रक्षाविसर्जनाची वेळ मिनिटावर सांगतो. यावर पूर्वी मला हसू यायचं. हल्ली येत नाही. आमच्या घरच्या वेळी दादा पाच मिनिटं आधी आले होते आणि काहीही न बोलता चपला सरळ लावत बसले होते.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झालं. एक्क्याऐंशी जागा, आणि बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार-चार मतं. म्हणजे आता आमच्या डोक्यावर एकाऐवजी चार दादा, त्यातल्या दोन वहिनी. आधी एका खड्ड्याची एकदा माहिती मिळायची, आता चारदा मिळते, आणि चौघांच्या माहितीत खड्ड्याची लांबी वेगवेगळी असते. पाणी गेलं तर चौघंही कळवतात. पाणी आलं तर चौघंही आणतात. गटार तुंबली तर मात्र ती नेमकी कुणाच्या वाटणीची हे ठरेपर्यंत आपली आपण वाहायला लागते.

कायद्यात क्षेत्रसभा नावाची एक गोष्ट आहे. २००९ पासून आहे. नगरसेवकानं ठरावीक काळानं मतदारांना एकत्र बोलवायचं, समोर बसवायचं, कामं सांगायची, त्यांचं ऐकायचं. फोटो नाही, छत्री नाही. ही गोष्ट आमच्याकडं एका निवृत्त शिक्षकांना कुठंतरी वाचायला मिळाली आणि त्यांनी नवीन दादांपैकी जे सगळ्यात तरुण होते त्यांना गाठलं. पोरगं चांगलं होतं. तयार झालं.

देवळाच्या हॉलमध्ये सभा. पन्नासेक खुर्च्या, पुढं बायका, मागं आम्ही, दारात चपलांचा ढीग. मध्येच माइक चालू झाला आणि पहिल्यांदा ‘हॅलो, हॅलो, चेक’ गेलं ते थेट गाभाऱ्यात. दादांनी प्रास्ताविक केलं. टाळ्या. मग शिक्षक उठले. चष्मा पुसला. “आपल्या गल्लीच्या रस्त्याला निधी किती आला, ठेका किती रुपयांना गेला आणि काम कधी पुरं होणार, एवढंच सांगा.”

हॉलमध्ये शांतता. दादांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, कार्यकर्त्याकडं बघितलं. कार्यकर्त्यानं छताकडं बघितलं. उन्हाळा तोंडावर होता, नदी पार तळाला गेलेली, काठावर म्हशी निवांत बसलेल्या. अशा वेळी माणूस सवयीच्या आधाराला जातो.

“नागरिकांनी घाबरून जायचं कारण नाही,” दादा म्हणाले. “राजाराम बंधाऱ्याची पातळी सध्या अकरा फूट आहे.”

मागच्या रांगेतून आबा कानाला हात लावत उठले. “अकरा आणि किती?”